विषय : पोत

फोनला आठवणी काढायचं काम कोणी लावून दिलं आहे, कोण जाणे. परवा सकाळी चहा गाळत होते, तर ओट्यावरची स्क्रीन आपसूक उजळली आणि खाली अक्षरं आली, 'चार वर्षांपूर्वी, याच दिवशी'. वर एका बाईची वाकलेली पाठ. ओला निळा ब्लाउज अंगाला चिकटलेला, त्यावर चिखलाचे दोन शिंतोडे, आणि त्या शिंतोड्यांच्या मधून तिरपी पडलेली काळ्या मण्यांची पोत. गळ्यात पुढे असायची ती पाठीवर. चेहरा नाही, डोकंही नाही. दुसऱ्या कोणाला तो फोटो चुकून निघालेला वाटला असता. मी मात्र गाळणं तसंच हातात धरून उभी राहिले आणि चहा कपाबाहेर गेला.

रोवणा लागला आहे. भातलावणीला आमच्याकडे रोवणा म्हणतात. गोंदियाला लागून असलेल्या आमच्या कुडव्यात आता शेतं कमी आणि प्लॉट जास्त, तरी रोवणा लागला की माझ्या दुकानात लगेच कळतं. मी ब्लाउज शिवते. या दिवसांत माप द्यायला येणाऱ्या बायका येईनाशा होतात, आणि ज्या येतात त्यांच्या बोटांना पाण्याने भेगा पडलेल्या असतात. कापड चाचपताना त्या भेगांत धागा अडकतो आणि त्या हसतात. त्यांच्या पिशव्यांना, पैंजणांना, कधी कधी केसांनासुद्धा चिखलाचा एक आंबूस, हिरवा वास असतो. मला तो वास आवडतो. माझं माहेर केशोरीचं, तेव्हा त्या वासात माझं अर्धं आयुष्य आहे असं म्हटलं तरी चालेल.

त्या वर्षी समू नववीत होती. समू म्हणजे माझी एकुलती एक लेक, सम्यका. आता ती नागपूरला शिकते आणि फोनवर माझ्याशी बोलताना मागे मिक्सर लावते. तेव्हा मात्र दुकानाच्या पायरीवर बसून माझ्याच फोनमध्ये डोकं घालून बसायची. फोन माझा, पण त्यातलं घर तिचं. कुठल्या खोलीत काय ठेवलं आहे ते मला कधी कळलंच नाही.

शाळेत ड्रॉइंगला नवे सर आले होते. साताऱ्याकडचे, बोलणं पुस्तकातल्यासारखं. चित्र काढता येत नाही म्हणून कोणी रडायचं नाही, घरातला मोबाइल घ्या आणि पाहायला शिका, असं त्यांनी वर्गात सांगितलं आणि गटावर निरोप टाकला. मला तो अजून पाठ आहे. 'विषय : पोत. बारा फोटो. प्रत्येकाखाली नाव लिहावे. मोबाइलमध्ये रंगरंगोटी करू नये.'

"आई, पोत म्हणजे?" समूने पायरीवरून विचारलं.

मी बाही कापत होते. कात्री मधेच थांबली, आणि कात्री मधे थांबली की कापडाला दात पडतात. तसा एक दात त्या बाहीला पडला.

"पोत म्हणजे पोत," मी म्हटलं. "मामीच्या गळ्यात नाही का? काळ्या मण्यांची."

"फक्त मामीच्याच?"

"सगळ्या बायकांच्या. कोणाची एका पदराची, कोणाची दोन. कोणी मधे सोन्याचे मणी ओवते, कोणी पोवळं. नायलॉनच्या दोऱ्यात ओवली तर तुटत नाही, पण मानेला काचते. सुती दोरा मऊ, पण घामाने कुजतो." मी बोलत राहिले. मण्यांच्या आकाराबद्दल, कडीबद्दल, नवीन पोत पहिले आठ दिवस मानेला कशी खाजते त्याबद्दल. इतकं मी त्या दोन वर्षांत कशाहीबद्दल बोलले नव्हते. समू फोन मांडीवर ठेवून ऐकत होती. तिने मला मधे तोडलं नाही, हे आता आठवतं.

माझ्या स्वतःच्या गळ्यात तेव्हा पोत नव्हती. समूचे बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती.

इथे थोडं सांगावं लागेल. आम्ही बौद्ध. माझ्या लग्नात वंदना झाली, एकमेकांना हार घातले, आणि झालं लग्न. मंगळसूत्र बांधायचा विधी आमच्या दोन्ही घरांत नव्हता. पोत नंतर आली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आम्ही केशोरीच्या मंडईला गेलो होतो. दिवाळी झाली की आमच्या गावागावांत मंडई भरते, पाहुणे येतात, रात्री दंडारीचा खेळ होतो. तिथे मणी-बांगड्या विकणाऱ्या एका मणेरीच्या पथारीसमोर मी जरा जास्तच वेळ उभी राहिले. समूचे बाबा पुढे निघून गेले होते, ते मागे आले आणि म्हणाले, "घे ना, नुसती पाहून काऊन राहिली?" मणेरीने कागदात बांधून दिली. मी तिथेच कागद सोडला, त्याच्या हातभर आरशात पाहिलं आणि माझी मीच गळ्यात घातली. त्यांनी बांधली नाही, कोणीच बांधली नाही. हौसेची वस्तू होती. मग ती सोळा वर्षं गळ्यात राहिली, अंघोळीला, झोपेत, मशीनवर.

आणि ते गेले तेव्हा ती काढायला चार जणी आल्या.

कोणी जबरदस्ती केली नाही. दोघी सासरच्या होत्या, एक केशोरीची फुलवंताबाई आणि एक माझी वहिनी, भावाची बायको, म्हणजे समूची मामी. कडी गंजून बसली होती, कोणालाच निघेना, तेव्हा वहिनीने ती दाताने सोडवली. तिचा श्वास माझ्या मानेला लागला. मी मान पुढे केली होती. ही हौसेची आहे, लग्नाची नाही, एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही. आठवलं की मला त्या चौघींचा नाही, माझा राग येतो. पोत मी अस्तराच्या चिंधीत गुंडाळून बटणांच्या डब्यात तळाशी ठेवली. त्या डब्यात हुक, प्रेस बटणं, एकेकटी राहिलेली बटणं असतात. तिथे कोणी हात घालत नाही.

तर विषय पोत. बारा फोटो. माझ्या मनात एकच गोष्ट फिरत राहिली, ही पोरगी बारावी पोत कोणाची घेणार? मला ती विचारेल का? तिने विचारू नये असं वाटत होतं, आणि तिने विचारावं असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी. माणसाच्या मनाला शिलाईसारखी एक बाजू सुलट आणि एक उलट असती तर बरं झालं असतं.

शनिवार-रविवार धरून आम्ही केशोरीला गेलो. बांधीत, म्हणजे भाताच्या वाफ्यात, चौदा-पंधरा बायका ओळीने वाकलेल्या. पाऊस असा नव्हताच, नुसतं ओलं आभाळ. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पऱ्ह्यांच्या, भाताच्या रोपांच्या पेंढ्या रचलेल्या, त्यांच्या मुळांतून गढूळ पाणी गळत होतं. मीही पदर खोचून उतरले. चिखल पोटऱ्यांपर्यंत गार आणि खाली तळाशी कोमट असतो, हे मी विसरून गेले होते.

समू धुऱ्यावर उकिडवी बसली होती, फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला भिंगापुरतं भोक. सुरुवातीला ती लांबून फोटो घेत होती. मग चप्पल काढून आत आली. तिला पहिल्यांदा काय दिसलं असेल, याची मला अजून उत्सुकता आहे. कारण मी लहानपणापासून तो रोवणा पाहत आले आणि जे मला कधी दिसलं नव्हतं ते तिने तासाभरात शोधून काढलं. वाकलं की पोत पुढे लोंबते, चिखलाला लागते. म्हणून बांधीत उतरताना प्रत्येक बाई एक हात मानेमागे नेते आणि पोत उलटी करून पाठीवर टाकते. अर्धा क्षणही लागत नाही. सगळ्या करतात आणि कोणालाच आपण ते करतो हे माहीत नसतं. समूने मला विचारलं, "आई, सगळ्यांच्या पोती मागे काऊन असतात?" मी माझ्या मानेकडे हात नेला आणि तो तसाच खाली आणला.

"काय व पोरी," फुलवंताबाईने वाकल्या वाकल्या विचारलं, "मुंडकी सोडून गळ्याचे फोटो काऊन काढून राहिली?"

"पोतीचे काढून राहिली आजी. शाळेत सांगितलं."

"शाळेत आता पोती शिकवतेत का बाप्पा! धानाची का युरियाची?"

सगळी ओळ हसली. हसताना बायका सरळ झाल्या, कंबरेवर हात ठेवले, आणि मग समूभोवती गोळा झाल्या. चिखलाचे हात लांब धरून, माना पुढे काढून त्या फोनमध्ये आपापले गळे पाहू लागल्या. ते पाहण्यासारखं होतं. रोज गळ्यात असलेली वस्तू त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. वहिनीच्या पोतीत तीन सेफ्टी पिना, एक काटा काढायचा चिमटा आणि कपाटाची किल्ली होती. एकीच्या पोतीत मधले आठ-दहा मणी हिरवे होते, गेल्या वर्षी बांधीत तुटली तेव्हा जेवढे सापडले तेवढे काळे आणि बाकीचे लेकीच्या माळेतले. नव्या सुनेची पोत कोरी, चकाकणारी, आणि तिने ती पाठीवर न टाकता दातांत धरली होती, म्हणजे हसताना ती पडायची.

"हे माही होय?" एकजण फोनजवळ डोळे नेऊन म्हणाली. "अवं माय, येवढे मणी फुटले व माहे? सांगतलं नाई कोनी!"

"तुह्या गळ्यात कोन पायते आता?" फुलवंताबाई म्हणाली आणि पुन्हा हशा झाला.

मी ओळीत तिसरी होते. मी हसत होते, रोवत होते, आणि कान तिकडे होते. फुलवंताबाईने मोजलं असावं. "सगळ्याहीची काढली. आन तुह्या मायची?"

"आईची काढायची राहिली," समू म्हणाली.

"राहिली कायची व? तिची तं कवाच काढली. आमीच होतो ना."

पाण्यात पऱ्हे टोचल्याचा एक बारीक आवाज असतो, डुबुक असा. तेवढाच आवाज राहिला. समू फोटोबद्दल बोलली होती आणि फुलवंताबाई पोतीबद्दल. शब्द दोघींचा एकच. फुलवंताबाईच्या मनात काही वाईट नव्हतं, तिने घडलं ते सांगितलं. मी मान वर केली नाही. समू कुठे पाहत होती ते म्हणूनच मला कधी कळलं नाही. मग वहिनीचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा मोठा.

"रोवा व, रोवा. पऱ्हे सुकून राहिले."

पाण्यात उभे असलेले पऱ्हे सुकत नसतात. सगळ्या वाकल्या. संध्याकाळी धुऱ्यावरून पाहिलं तर बांधीतल्या सगळ्या ओळी सरळ होत्या, माझी तेवढी मधेच डावीकडे गेली होती.

परत आल्यावर फोटो अकरा झाले आहेत, एवढं तिने सांगितलं.

बुधवारी शाळेच्या फाटकाशी तिच्या वर्गातल्या एका मुलाची आई भेटली. गोंदियात निम्मं बोलणं हिंदीत होतं, तशी ती कपाळाला हात लावून म्हणाली, "भाभी, मेरे वाले ने तो परेशान कर डाला. दीवार, पेड़ की छाल, कटहल, टूटा हुआ घड़ा, सब खींच लिया. टेक्स्चर चाहिए बोलता है. मुझे तो आज पता चला, पोत मतलब टेक्स्चर."

मी स्कूटीची किल्ली फिरवत होते ती फिरवायची राहिली. पोत म्हणजे टेक्स्चर. खडबडीत, मऊ, चरचरीत, गुळगुळीत. घरी येईपर्यंत माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. मी दिवसभर काय करते? बाई कापड घेऊन येते, मी दोन बोटांत धरून चोळते आणि सांगते, हे अंगाला टोचेल, हे पहिल्या धुण्यात आटेल, याला अस्तर लावावंच लागेल. म्हणजे मी जन्मभर पोतच तपासत आले होते. त्याला काय म्हणतात तेवढं मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी पोरीला छातीठोकपणे शिकवून मोकळी झाले होते. वर तिला केशोरीला नेऊन चिखलात उतरवलं. आता वर्गात सगळी मुलं झाडांच्या साली लावणार आणि माझ्या पोरीच्या कागदावर अकरा बायकांचे गळे.

संध्याकाळी तिला सगळं सांगितलं. "आपली चूक झाली समू. माझी झाली. अजून दोन दिवस आहेत. अंगणातली फरशी काढ, विटा काढ, माझ्याकडे कापडं आहेत, खादी आहे, मखमल आहे…"

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय?"

"पोत म्हणजे टेक्स्चर. केशोरीला जायच्या आधीच माहीत झालं होतं."

"मग काऊन गेली तिथे?"

ती पायरीवर बोटाने रेघा ओढत राहिली. "तू सांगत होती ना. मण्यांचं, कडीचं. मला ऐकायचं होतं अजून."

मशीनचं पॅडल मी उगाच मारलं, सुईखाली कापड नसताना.

गुरुवारी दुपारी दुकानात कोणी नव्हतं. बटणांचा डबा मी खालच्या फळीवरून काढला, सगळी बटणं वर्तमानपत्रावर ओतली आणि पोत बाहेर काढली. कडीला मशीनचं तेल लावलं. ट्रायलच्या आरशासमोर गळ्यात धरून पाहिली, घातली नाही. तिने आज विचारलं तर तयार असावी म्हणून मशीनवर ठेवली. ती शाळेतून आली, तिने पोतीकडे पाहिलं, दप्तर ठेवलं आणि पोहे खाल्ले. विचारलं नाही. मी इतकी चिडले की रात्रीच्या भाजीत दोनदा मीठ पडलं. बारावा फोटो कशाचा आहे हे मी विचारू शकले असते, पण माझा ताठा काही वाकला नाही.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये फोटो लावले होते. पालकांनी यावं असा निरोप होता. जवळच्या राइस मिलचा कोंडा उडून हॉलच्या खिडक्यांवर बसलेला, आत ओल्या छत्र्यांचा वास. भिंतीवर खरोखर साली, विटा, फणस, गवऱ्या, म्हशीची पाठ, फुटलेलं मडकं. एका मुलाने आजोबांच्या टाचा लावल्या होत्या, त्या मला फार आवडल्या. मी मुद्दाम सावकाश चालले. समूच्या कागदाशी पोचूच नये असं वाटत होतं.

अकरा फोटो ओळखीचे होते. खाली तिच्या गोल अक्षरात नावं. मामीची पोत. फुलवंता आजीची पोत. नव्या मामीची पोत. बाराव्याशी मी थांबले.

ती एक मान होती. मागून, अगदी जवळून. वर केसांची सुटलेली एक बट, खाली ब्लाउजचा गळा. माना मी रोज पाहते. टेपने मोजते, मागचा गळा किती खोल हवा ते विचारते. तेव्हा आधी मला ती गिऱ्हाइकाचीच वाटली. मग गळ्याची पायपिंग पाहिली. डाव्या खांद्याशी ती जरा फुगली होती, कारण तिथे मी ती एकदा उसवून पुन्हा लावली होती. घाईत, लाइट जाऊन येत असताना, माझ्याच ब्लाउजला. स्वतःला मी माझ्या शिलाईवरून ओळखलं.

पायपिंगच्या दोन बोटं वर, मानेच्या मुळाशी, एक रेघ होती. काळसर, बारीक, सलग नव्हे, तुटक तुटक. जिथे जिथे मणी टेकत असेल तिथे तिथे एक ठिपका. जुना धावदोरा उसवला की कापडावर भोकांची ओळ राहते ना, तशी. सोळा वर्षांच्या घामाने आणि घासण्याने कातडी तिथे जाड झाली होती, आणि फोटोत तिचा खरखरीतपणा बोटाला लागेल असा दिसत होता. मला हे ठाऊकच नव्हतं. आपल्या मानेची मागची बाजू आपल्याला कधी दिसत नाही. चार जणींनी पोत काढली आणि मी समजत होते की ती डब्यात आहे.

समूला ती रोज दिसत होती. मी तिला स्कूटीवर शाळेत सोडायचे, ती मागे बसायची, रोज वीस मिनिटं. त्या आठवड्यात रेल्वेचं फाटक बराच वेळ बंद होतं, मालगाडी संपता संपत नव्हती, आणि मी भिजलेला स्कार्फ सोडून पिळला होता. हेल्मेट नेहमीप्रमाणे आरशाला टांगलेलं. माझा फोन मागे तिच्या हातात होता. मागून फोटो काढल्याचा आवाज मला ऐकू आला नव्हता, गाडीचा आवाजच एवढा होता.

खाली लिहिलं होतं, 'आईचा पोत'.

ड्रॉइंगचे सर शेजारी येऊन उभे राहिले होते. मी ओशाळून म्हटलं, "सर, शब्दाची चूक माझ्यामुळे झाली. आणि हे शेवटचं तिने चुकून 'चा' लिहिलं. बाकी सगळीकडे 'ची' लिहिलं आहे."

सरांनी चष्मा काढून फोटोजवळ डोळे नेले. "मीही आधी चूक समजलो होतो, ताई," ते म्हणाले. "तिला विचारलं. गळ्यातली असेल तर 'ती' आणि अंगातला असेल तर 'तो' ना सर, असं म्हणाली. खरं सांगायचं तर अकरा फोटो विषयाच्या बाहेरचे आहेत. पण त्या अकरांशिवाय हा बारावा काढता आला नसता."

समू दाराशी मैत्रिणींच्या घोळक्यात उभी होती आणि माझ्याकडे पाहायचं टाळत होती. मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, "बट जरा मागे सारायची होती."

"सारली असती तर तुला कळलं असतं ना," ती म्हणाली.

एवढ्यावर मी त्याच दिवशी पोत घातली असेल असं कोणालाही वाटेल. घातली नाही. पुढच्या रोवण्याला घालू म्हटलं, मग त्याच्या पुढच्या. कोण काय म्हणेल याची भीती होती असं म्हणवत नाही. खरं म्हणजे मला कुतूहल होतं, ती रेघ किती दिवस टिकते. दोन आरसे समोरासमोर धरून मी पाहायचा प्रयत्न करायचे, तर मान दिसायच्या ऐवजी माझंच तोंड पुन्हा पुन्हा दिसायचं. मग तो नाद सोडला.

परवा फोनने वहिनीची पाठ समोर आणली, तेव्हा मी समूला फोन लावला. मागे मिक्सर चालू होता. तिला फोटोचं सांगितलं तशी तिने मिक्सर बंद केला.

"रोवण्याला जाणार ना?" तिने विचारलं.

"पाहते. दुकान आहे."

"बटणांचा डबा खालच्याच फळीवर आहे का अजून?"

मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, बरं, आणि मिक्सर पुन्हा सुरू झाला.

काल केशोरीला गेले. तीच बांधी, तोच आंबूस वास, ओळीत दोन-तीन नव्या सुना. फुलवंताबाईकडून आता वाकवत नाही, ती धुऱ्यावर बसून पेंढ्या पुढे करते. मी तिच्या शेजारी बसले, पिशवीतून चिंधी काढली आणि पोत गळ्यात घातली. मंडईत घातली होती तशीच, माझी मी. बोटांना कडीची जागा आठवत होती. बायका पाहत होत्या. फुलवंताबाईने नीट निरखून पाहिलं.

"कडी पक्की लाव व," ती म्हणाली. "चिखलात गेली तं भेटत नाई."

मी बांधीत उतरले. वाकायच्या आधी हात आपोआप मानेमागे गेला आणि पोत पाठीवर पडली. मणी गार होते. शेजारी वहिनी पऱ्ह्यांची पेंढी सोडत होती. मी तशीच वाकून तिला म्हटलं, "वहिनी, माही पोत काढ व."

तिच्या हातातली पेंढी पाण्यात पडली. ती माझ्याकडे पाहत राहिली. "नाई व बाई," ती कशीबशी म्हणाली. "मी नाई काढत आता. कायले मले सांगतं?"

मी कमरेची पिशवी सोडली आणि फोन तिच्यापुढे धरला. "फोटो व. मांगून काढ. मले माही मान दिसत नाई."

तिने दोन्ही हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले, फोन घेतला आणि माझ्या मागे जाऊन उभी राहिली. मी मान पुढे करून वाट पाहत होते. किती तरी वेळ झाला, मागे ती नाक ओढत राहिली, तिला फोटोचं बटणच दिसेना.